मुरुडच्या आगरांतला पातीचा चहा

कोंकणांत जावयाचें तें पावसाळा सरल्यावर जावें, असें आमच्या घरांतील वडील मंडळींचें मत आहे. भात खळ्यांत आलेलें असतें, विहिरींचें पाणी हाताला लागेल इतकें वर असतें, आणि उन्हास अद्याप धार चढलेली नसते. २०२३ सालच्या नोव्हेंबरांत आम्ही उभयतां मुरुडास गेलों तो हाच हंगाम होता. हें मुरुड जंजिऱ्याचें नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, हर्णै बंदराच्या दक्षिणेस समुद्राला लागून वसलेलें दुसरें मुरुड. महर्षी कर्व्यांचें बालपण जेथें गेलें तें हें गांव, इतकें सांगितलें म्हणजे बहुतेक वाचकांस ओळख पटेल. रात्रीच्या गाडीनें निघून पहांटे खेड स्थानकावर उतरावें, एस. टी.नें दापोलीस यावें, आणि तेथून दुसरी गाडी धरून आसूदच्या पोफळींच्या बागा मागें टाकीत समुद्राकडे उतरावें, असा सगळा मार्ग आहे.

हा प्रवास हौसेचा नव्हता, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. आमच्या आत्याबाईंना भेटावयाचें होतें, आणि ती भेट आम्ही कित्येक महिने लांबणीवर टाकीत आलों होतों. कां, तें पुढें येईल.

मुरुड गांव आंखून वसविल्यासारखें आहे. मधून एक सरळ रस्ता, दोहों बाजूंस घरें, आणि प्रत्येक घरामागें लांबट पट्टीसारखें पसरलेलें आगर. समुद्राच्या अंगाच्या घरांचीं आगरें थेट वाळूपर्यंत जातात; रात्रीं माजघरांत निजलें तरी लाटांचा आवाज उशाशीं ऐकूं येतो. आत्याबाईंचें घर त्याच अंगाला आहे. आम्ही बेड्यांतून आंत शिरतों न शिरतों तोंच ओटीवरून हांक आली, "आलांत होय रे! आधीं पाय धुवा, चहा होतोच आहे."

या घरीं पाहुण्याला चहा मिळतो तो पातीचा. घाटावर आपण ज्यास गवती चहा म्हणतों तोच हा. न्हाणीचें सांडपाणी ज्या पन्हळींतून अळवाकडे जातें तिच्या कांठानें त्याचीं पांच-सहा जाड बेटें आहेत. आम्ही पाय धुवावयास तेथें गेलों, तेव्हां कोणीतरी नुकतीच पात कापून नेली असावी. ओल्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा मिळून होतो तसा तो वास अजून तेथें रेंगाळत होता.

मान वर करून पाहिलें तों आभाळ दिसलें, आणि आम्ही चपापलों. पूर्वीं या आगरांत भर दुपारीं ऊन जमिनीला लागत नसे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें. त्याच्या तडाख्यांत दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील किनाऱ्याचीं गांवें अक्षरशः झोडपलीं गेलीं. या एका आगरांतील सव्वाशें पोफळींपैकीं वीस-पंचवीस उभ्या राहिल्या. आत्याबाईंच्या सासऱ्यांनीं हातानें लावलेलीं जायफळाचीं तीन झाडें मुळांसकट उलथलीं. टाळेबंदीचे दिवस, मदतीस माणूस मिळेना, वीज कित्येक दिवस नाहीं. नारळ-पोफळ पुन्हां लावावी तर फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, आणि जायफळास त्याहून अधिक. साठीपुढच्या माणसानें रोप लावतांना मनांत काय हिशेब करावयाचा! पातीच्या बेटांवर माड आडवा पडला होता, खाऱ्या वाऱ्यानें पाती करपून तपकिरी झाल्या होत्या. पण माड उचलल्यावर आठ-पंधरा दिवसांत बुडख्यांतून हिरवे कोंभ निघाले. हें गवत आमच्याकडे फुलावर क्वचितच येतें. बेट फोडून ठोंब लावावयाचे, हीच त्याची वाढ. त्या पावसाळ्यांत आगरांत हिरवें म्हणून जें होतें तें एवढेंच, असें आत्याबाई सांगतात.

त्यांच्या घरची चहाची रीत अशी. पातेल्यांत पाणी ठेवावें, आल्याचा तुकडा ठेंचून टाकावा, पाण्याला उकळी आली कीं चार-पांच लांब पाती एकत्र घेऊन त्यांची गांठ मारावी, ती पाण्यांत सोडावी, झांकण ठेवावें आणि पातेलें खालीं उतरावें. गांठ मारल्यानें पाती पातेल्याबाहेर येत नाहींत आणि दुमडून चेंगरल्यानें वासहि मोकळा होतो. झांकणाविषयीं आत्याबाई फार कडक. "वास वर गेला कीं चहा गेला," असें त्यांचें म्हणणें, आणि तें शास्त्राला धरून आहे. गवती चहाचा वास ज्या सिट्रल नांवाच्या द्रव्यामुळें येतो तें बाष्पाबरोबर उडून जाणारें आहे. त्याच्या तेलांत साधारणपणें दोन-तृतीयांशाहून अधिक भाग या एकाच द्रव्याचा असतो. गूळ वरून, ज्याला हवा त्याला. दूध नाहीं.

त्या दिवशीं मात्र गांठ आत्याबाईंनीं मारली नाहीं. सूनबाईंनीं मारली. आत्याबाई शेजारीं पाटावर बसून सांगत होत्या. कपबशी पुढें करावयास त्यांनीं हात लांबविला तेव्हां आमच्या दृष्टीस तीं बोटें पडलीं. उजव्या हाताचीं मधलीं दोन बोटें करंगळीकडे कललेलीं, मुळाशीं गांठी आलेल्या. बशी त्यांनीं डाव्या हातानें धरली.

आतां तें 'कां' सांगितलें पाहिजे. २०२१ सालीं आत्याबाईंना आमवात झाल्याचें निदान झालें. म्हातारपणीं झिजणाऱ्या गुडघ्यांचें दुखणें तें निराळें. आमवातांत शरीराचें संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तराला परकें समजून त्यावर चालून जाते. सांधा सुजतो, तापतो, सकाळीं तास-दीड तास मूठ वळत नाहीं; आणि ही आग वेळीं आंवरली नाहीं तर शेजारचें हाड कुरतडलें जातें. कुरतडलेलें हाड पूर्ववत् होत नाहीं. मेथोट्रेक्सेट नांवाचें औषध त्यांना आठवड्यांतून एकदां, दर रविवारीं, घ्यावयास दिलें होतें. मधून मधून रक्ताची तपासणी. औषध लागू पडलें होतें, परंतु सोमवारभर मळमळे. त्यामुळें त्या गोळीचा त्यांना तिटकारा आला होता.

अशांत २०२२ सालच्या आषाढांत आमच्या मोबाइलवर एक संदेश आला. गवती चहाच्या पानांत अँटिऑक्सिडंट द्रव्यें विपुल आहेत, तीं दाह शमवितात, संशोधकांनीं हें प्रयोगानें सिद्ध केलें आहे, सांधेदुखीवर यासारखें घरगुती औषध नाहीं, असा त्याचा आशय. आम्ही तो वाचला, आत्याबाईंच्या न्हाणीमागचीं बेटें आठवलीं, आणि त्याखालीं आमच्या दोन ओळी जोडून तो पाठवून दिला: 'आत्या, घरचेंच औषध आहे. घेऊन पाहा.'

आत्याबाईंनीं दिवसांतून पांच वेळां पातीचा चहा सुरू केला आणि गोळी बंद केली. घरांत कोणास बोलल्या नाहींत. पहिले कांहीं आठवडे मळमळ गेल्यामुळें त्यांना बरेंच वाटलें. औषधाचा अंमल शरीरांतून ओसरावयास वेळ लागतो, त्यामुळें सूज लगेच परतली नाहीं. परतली तेव्हां 'पावसाळी हवा आहे' म्हणून सोसली. २०२३ च्या फेब्रुवारींत त्यांच्या मुलानें बळेंच डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां क्ष-किरणांच्या चित्रांत हाड खाल्लेलें दिसलें. पुन्हां गोळी सुरू झाली, आग विझली. बोटें राहिलीं तशीं राहिलीं.

आम्हांस त्यांनीं बोल लावला नाहीं. एकदां फोनवर सहज म्हणाल्या, "अरे, तुम्ही शिकलेलीं माणसें, म्हटलें खरेंच असेल." एवढेंच. त्यानंतर मुरुडास जाण्याचा विषय निघाला कीं आम्हांस कांहीं ना कांहीं काम निघत असे.

जाण्यापूर्वीं तो संदेश आम्ही पुन्हां काढला आणि त्यांतील एकेका वाक्याचा शोध घेतला. खोटा निघाला असता तर आमचें ओझें हलकें झालें असतें. पण आश्चर्य हें, कीं त्यांतलीं बहुतेक वाक्यें खरींच होतीं.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, तें आत्याबाईंच्या पडवींतच दाखवितां येईल. तेथें खुंटीला कोयता टांगलेला असतो. खाऱ्या हवेनें तो आठ दिवसांत तांबडा होतो. तळणीचें उरलेलें तेल उघडें राहिलें कीं खवट होतें. कापून ठेविलेली सफरचंदाची फोड काळवंडते. या सर्वांच्या मुळाशीं प्राणवायूचा त्या त्या पदार्थाशीं होणारा संयोग आहे. बाजारचा काळा चहा काळा होतो तोहि याच जातीच्या क्रियेनें. (त्या चहाच्या झुडपाशीं आमच्या गवताचें कांहीं नातें नाहीं. नांव तेवढें आपण दिलें. यांत कॅफीन नसतें.) ही क्रिया जें रोखतें तें अँटिऑक्सिडंट. शरीरांतहि श्वासाबरोबर अशा क्रिया अखंड चालतात, त्यांतून कांहीं उच्छृंखल रेणू निघतात आणि ते पेशींना इजा करितात. निसर्गानें त्यांचा बंदोबस्तहि शरीरांतच ठेविलेला आहे. असें एक रक्षक द्रव्य, सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकन संशोधकांनीं १९६९ सालीं ओळखून दाखविलें.

गवती चहाच्या पानांत, तशींच तुळशीच्या आणि पुदिन्याच्या पानांत, असलीं द्रव्यें खरोखरच आहेत. प्रयोगशाळेंत एक जांभळें रसायन घेतात, त्यांत पानांचा अर्क घालतात, आणि जांभळा रंग किती फिका पडला यावरून अर्काची शक्ति मोजतात. संदेशांतील भले मोठे आंकडे असल्याच मोजमापांतून आलेले असतात. रंग फिका पडतो हें खरें. पण तो कांचेच्या नळींत पडतो. अमेरिकेच्या कृषिखात्यानें एके काळीं फळें, पानें, मसाले यांची या शक्तीनुसार एक मोठी यादीच प्रसिद्ध केली होती. २०१२ सालीं तिनें ती मागें घेतली; कारण नळींतील आंकड्यांवरून शरीरांत काय घडेल हें सांगतां येत नाहीं, आणि विक्रेते मात्र ते आंकडे डब्यांवर छापूं लागले होते.

फिनलंडमधील एक प्रयोग तर आम्हांस दोनदां वाचावा लागला. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेऊन, त्यांतील कांहींना गाजरांतलें बीटा-कॅरोटीन, जें नांवाजलेलें अँटिऑक्सिडंट, तें गोळीच्या रूपानें वर्षानुवर्षें दिलें. फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हावा ही अपेक्षा. १९९४ सालीं निकाल आला तो असा, कीं गोळी घेणाऱ्यांत तो रोग सुमारें १८ टक्क्यांनीं अधिक झाला. शरीर ज्या उच्छृंखल रेणूंना भितें, त्यांचाच उपयोग तें जंतू मारावयासहि करितें. तेव्हां त्यांना दडपणें तेवढें हिताचें, असा सरळ हिशेब तेथें चालत नाहीं. अर्थात् ही गोष्ट गोळीची झाली. म्हणून कोणीं गाजराची कोशिंबीर सोडूं नये.

आणि दाह शमविण्याचें काय? तेंहि संशोधन खरें आहे. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठाच्या संशोधकांनीं गवती चहाच्या पानांच्या फांटावर या दृष्टीनें बरेंच काम केलें आहे. उंदराच्या संरक्षक पेशी बशींत वाढवून त्यांना जंतूंच्या विषानें डिवचलें, म्हणजे त्या दाह वाढविणारें नायट्रिक ऑक्साइड सोडूं लागतात. गवती चहाचा अर्क घातला असतां तें कमी सुटतें, असें २०११ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. काम चोख आहे. त्यांतून पुढेंमागें एखादें औषध निघेलहि. आपल्या परसांतल्या अडुळशांतील व्हॅसिसीनवरूनच खोकल्याच्या औषधांतील ब्रोमहेक्सीन घडविलें गेलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु बशींतल्या पेशी अर्कांत बुडालेल्या होत्या. आत्याबाईंचीं बोटें चहांत बुडालेलीं नव्हतीं. कपभर चहांतील या द्रव्यांपैकीं थोडाच अंश आंतड्यांतून रक्तांत शिरतो, जो शिरतो त्याचें रूप यकृत पालटून टाकतें, आणि कांहीं तासांत त्यांतला पुष्कळसा मूत्रावाटें निघून जातो. सांध्याच्या अस्तरापर्यंत काय पोंचलें असेल तें असो. आमवातासारख्या आगीला तें पुरें पडल्याचा पुरावा आमच्या कोठें वाचनांत आला नाहीं.

माणसांना प्रत्यक्ष चहा पाजून पाहण्याचा प्रयोग ब्राझीलमध्यें झाला. तेथील लोक हाच चहा झोंप यावी, मन शांत व्हावें म्हणून पितात. पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास. संशोधकांनीं कांहींना खरा चहा आणि कांहींना दुसऱ्याच निरुपद्रवी पानांचा दिला. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं झोंपेंत वा चिंतेंत कांहीं फरक आढळला नाहीं. अपायहि कांहीं आढळला नाहीं. हें वाचून आम्हांस त्या चहाविषयीं उलट आपुलकीच वाटली. अपाय नाहीं, वास उत्तम, परसांत फुकट येतो, साखरेवांचून गोड लागतो. पेयापासून आणखी काय मागावें?

सगळींच पानें मात्र इतकीं निरुपद्रवी नाहींत, हें आमच्या वाचकभगिनींसाठीं येथेंच नोंदवितों. अडुळशाचा काढा गरोदर स्त्रीस देऊं नये. त्यानें गर्भाशय आकुंचन पावूं शकतो. करोनाच्या दिवसांत गुळवेलीचा काढा घरोघर उकळत होता. मुंबईतील यकृततज्ज्ञांनीं, तो घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ सालीं प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयास तो निष्कर्ष मान्य झाला नाहीं. वेल ओळखण्यांतच चूक झाली असावी असें त्यांचें म्हणणें. वाद कोणाचा खरा हें राहो. परसांतला वेल कोणता हें ओळखतां येत नसेल तर तो उकळूं नये इतकें त्यांतून निघतेंच. आणखी एक. पानांच्या चहांतील हींच बहुगुणी द्रव्यें अन्नांतील लोहाला धरून ठेवतात. १९९९ सालच्या एका अभ्यासांत पावाच्या न्याहारीबरोबर पुदिन्याचा चहा घेतल्यानें लोहाचें शोषण ८४ टक्क्यांनीं घटलें. ज्यांच्या अंगांत रक्त कमी आहे अशा सुनाबाळींनीं जेवणाबरोबर नव्हे, जेवणानंतर तास-दोन तासांनीं तो घ्यावा.

हें सगळें आम्ही टिपून नेलें होतें. दुसरे दिवशीं दुपारीं झोंपाळ्यावर बसून आत्याबाईंना वाचून दाखविलें आणि शेवटीं, जें म्हणावयास आलों होतों तें म्हटलें, कीं चूक आमची. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "गोळी मी सोडली रे. तुम्ही सोडा असें कुठें लिहिलें होतेंत?" आम्ही म्हटलें, सोडूं नका असेंहि लिहिलें नव्हतें. त्यावर त्या हंसल्या. "तें मात्र खरें," म्हणाल्या, आणि सूनबाईंना हांक मारून पोफळीच्या नव्या रोपांना पाणी झालें कीं नाहीं तें विचारूं लागल्या. सत्तर रोपें लावलीं आहेत, जायफळाचीं दोन.

तो रविवार होता. तिन्हीसांजा दिवा लागल्यावर त्यांनीं फडताळांतून डबी काढविली, गोळ्या मोजून घेतल्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या तारखेवर पेन्सिलीनें टिंब केलें. डाव्या हातानें, जरा वांकडें. मागच्या पानांवर दर रविवारीं तसेंच टिंब होतें. सोमवारच्या मळमळीवर डॉक्टरांनीं दुसरी गोळी जोडून दिली आहे, तिनें पुष्कळ उतार आहे. पण तोंडाची चव जाते ती जातेच. तेवढ्यापुरता आल्याचा आणि पातीचा चहा बरा वाटतो, आणि डॉक्टरांची त्यास हरकत नाहीं.

आम्ही आपणहोऊन पात आणावयास गेलों. कंदील नव्हे, मोबाइलचाच उजेड. चार पाती कापून आणल्या, आणि गांठ मारूं गेलों तों कांठानें बोट चिरलें. रक्ताची बारीक रेघ उमटली.

"अरे, उलटी धरलीस," आत्याबाई म्हणाल्या. "बुडख्याकडून शेंड्याकडे हात सारावा, म्हणजे कापत नाहीं. आण इकडे." त्यांनीं पात घेतली, डाव्या हातानें एकदां सरळ केली, गांठीचें अर्धें वळण घातलें, आणि उरलेलें घालावयास परत आमच्या हातीं दिली. पाणी उकळत होतें.